पाच तारे कोणी दिले?
मोठे हॉटेल निवडण्यापूर्वी व्यापाऱ्याने काय पाहावे

आपल्याकडे 'हॉटेल' या शब्दाची मोठी गंमत आहे. एस.टी. स्टँडसमोर दोन बाकडी टाकून चहा-भजी विकणाऱ्याला आपण हॉटेलवाला म्हणतो आणि १९०३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या ताजमहालालाही हॉटेलच म्हणतो. एकच शब्द, पण एकीकडे दहा-वीस रुपयांचा मामला आणि दुसरीकडे एका रात्रीचे भाडे कारागिराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. या दोन टोकांच्या मधली उतरंड कळावी म्हणून तारे आले. एक तारा, तीन तारे, पाच तारे. परंतु हे तारे नेमके कोण देतो, कशासाठी देतो आणि त्यांवर आपण किती विसंबावे, हे आपल्या व्यापारी बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

हा विषय आपल्या कामाचा नाही, असे कोणी म्हणू नये. पूर्वी माल दलालाच्या हवाली केला की आपले काम संपत असे. आता विणकर, चर्मकारागीर, फर्निचरवाले, अत्तरवाले स्वतः प्रदर्शनांना जातात. परदेशी खरेदीदाराला भेटावे लागते, कधी त्याच्या मुक्कामाची सोय करावी लागते. उमराहला जाणारे तर घरोघरी आहेत आणि त्यांच्या हातात ट्रॅव्हल एजंटची 'फाइव्ह स्टार पॅकेज'ची रंगीत पत्रके असतात. म्हणजे पैसे आपलेच जातात. ते कशाचे जातात हे माहीत असलेले बरे.

आम्हाला आलेला अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील इंडिया एक्स्पो मार्टमध्ये हस्तकला-वस्तूंचे मोठे निर्यात प्रदर्शन वर्षातून दोनदा भरते. चादरी आणि टॉवेलांचा धंदा असलेल्या आमच्या एका मित्राबरोबर आम्हीही तेथे गेलो होतो. एका परदेशी खरेदीदाराशी त्याचा आधीपासून पत्रव्यवहार होता. "सकाळी साडेआठला तुमच्या हॉटेलवर येतो, नमुने पाहतो आणि मग प्रदर्शनाला जातो," असे त्या पाहुण्याने कळवले. साहजिकच मित्राला वाटले की हॉटेल इभ्रतीचे हवे. मोबाइलवर शोधले तेव्हा दिल्ली शहरात एक हॉटेल सापडले. नावापुढे पाच सोनेरी तारे आणि भाडे आश्चर्य वाटावे इतके कमी. आम्ही खूश झालो.

तेथे पोहोचलो तेव्हा दर्शनी भाग झकास होता. संगमरवर, झुंबर, दारात फेटेवाला. खोली मात्र एवढीशी की बॅगा उघडल्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. नमुने पसरायचे कोठे? बैठकीच्या दालनाचे भाडे विचारले तर अर्ध्या दिवसाला जवळजवळ खोलीच्या भाड्याइतके. सकाळी न्याहारीच्या दालनात लग्नाच्या वऱ्हाडाची गर्दी. शेवटी मित्राने खाली सोफ्यावर चादरी उलगडल्या, तर व्यवस्थापक धावत आला आणि "येथे माल मांडता येणार नाही" म्हणाला. पाहुण्याने दोनदा घड्याळ पाहिले, कार्ड घेतले आणि गेला. तो पुन्हा भेटला नाही. वर्षभर ज्या ऑर्डरची वाट पाहिली, ती अर्ध्या तासात हातची गेली.

निघताना आम्ही काउंटरवरच्या मुलाला सरळ विचारले, "हे पाच तारे तुम्हाला कोणी दिले?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "साहेब, वेबसाइटवर माहिती भरताना आम्हीच भरले. सरकारी प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा आहे."

चूक त्या हॉटेलची होती, पण निम्मी आमचीही होती. आम्ही तारे मोजले, प्रश्न विचारले नाहीत.

तारे देतो कोण?

आपल्या देशात हॉटेलांना अधिकृत तारे देण्याचे काम केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाकडे आहे. त्यासाठी हॉटेल व रेस्टॉरंट मान्यता आणि वर्गीकरण समिती असते. तिच्यात सरकारी अधिकाऱ्यांबरोबर हॉटेल व्यावसायिकांच्या आणि प्रवास कंपन्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असतात, तसेच हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचे प्राचार्यही असतात. समिती प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करते, ठरलेल्या यादीप्रमाणे गुण देते आणि मग एक तारा ते पाच तारे, व सर्वांत वर 'फाइव्ह स्टार डिलक्स' असा दर्जा ठरतो. हा दर्जा पाच वर्षांसाठी असतो. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी.

जुन्या वाड्या-राजवाड्यांतील हॉटेलांसाठी 'हेरिटेज' हा वेगळा वर्ग आहे. त्यासाठी मूळ इमारत १९५० पूर्वीची असावी लागते. त्यांतल्या वरच्या दोन श्रेणींसाठी ती १९३५ पूर्वीची लागते. तेव्हा एखाद्या हवेलीवर तारे दिसले नाहीत म्हणून ती कमी दर्जाची, असा समज करून घेऊ नये.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. हॉटेल चालवायला परवाने लागतात, तारे लागत नाहीत. म्हणून चांगली हॉटेले तारे न घेताही चालतात आणि सुमार हॉटेले स्वतःच स्वतःला तारे लावून घेतात. बुकिंगच्या संकेतस्थळांवर जे तारे दिसतात, ते काही ठिकाणी हॉटेलने स्वतः भरलेले असतात, तर काही ठिकाणी त्या कंपनीने आपल्या हिशोबाने दिलेले असतात. ग्राहकांनी दिलेले दहापैकी आठ-नऊ गुण ही आणखी तिसरीच गोष्ट. तिन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि आपण त्या एकच समजतो.

हॉटेलमालक तारे मागतो तो नेहमी पाहुण्यासाठीच मागतो असेही नाही. केरळचे उदाहरण बोलके आहे. तेथील सरकारने २०१४ साली दारूच्या बारचे परवाने फक्त पंचतारांकित हॉटेलांपुरते मर्यादित केले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये हे धोरण कायम ठेवले. पुढे २०१७ साली नव्या सरकारने ते सैल करून तीन ताऱ्यांपर्यंत खाली आणले. म्हणजे मधल्या काळात पाचव्या ताऱ्याची किंमत पाहुण्याच्या पलंगावर नव्हे, तर बारच्या गल्ल्यावर ठरत होती.

ताऱ्यात काय मोजतात?

समितीची यादी लांबलचक असते, पण तिचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो. ती वस्तू आणि सोयी मोजते. हॉटेलात किमान दहा खोल्या हव्यात. पाच ताऱ्यांसाठी न्हाणीघर सोडून खोली किमान २०० चौरस फुटांची हवी, म्हणजे साधारण दहा बाय वीस. चार ताऱ्यांसाठी १४० चौरस फूट चालतात. याशिवाय वातानुकूलन, उपाहारगृह, खोलीत खाणे पोहोचवण्याची सेवा, अपंगांसाठी सोय, आगीपासून सुरक्षा, सांडपाण्याची व्यवस्था, प्रशिक्षित नोकरवर्ग अशा अनेक बाबी पाहिल्या जातात.

यात वाईट काही नाही. अनोळखी शहरात अधिकृत तारे असलेल्या हॉटेलात गेलात तर आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ता असेल आणि न्हाणीघर स्वच्छ असेल, एवढा भरवसा त्यातून मिळतो. हा भरवसा लहान नाही.

पण काय मोजले जात नाही, तेही समजून घ्यावे. ते हॉटेल तुमच्या कामाच्या ठिकाणापासून किती लांब आहे, हे तारा सांगत नाही. शेजारच्या दालनात रात्री दोनपर्यंत बँड वाजणार आहे की नाही, हे सांगत नाही. चार वर्षांपूर्वी पाहणी झाली तेव्हाची गादी आज कशी आहे, हे सांगत नाही. आणि भाडे योग्य आहे की नाही, याचा तर ताऱ्याशी काही संबंधच नाही. कापडाच्या भाषेत सांगायचे तर ताऱ्यावरून धाग्यांची संख्या कळते, पण रंग जाईल की राहील, हे धुतल्यावरच कळते.

सहा आणि सात तारे

दुबईचे बुर्ज अल अरब हे हॉटेल डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाले. समुद्रात कृत्रिम बेट करून त्यावर शिडाच्या आकाराची ३२१ मीटर उंच इमारत उभी केली. 'जगातील पहिले सात तारांकित हॉटेल' म्हणून त्याचा बोलबाला झाला. वास्तविक सात तारे देणारी कोणतीही सरकारी यंत्रणा तेथे नव्हती. ही पदवी वर्तमानपत्री लिखाणातून आली आणि ती आपण लावून घेतलेली नाही, असे हॉटेलवालेही सांगत आले. अधिकृत वर्गवारीत ते पंचतारांकितच. तेव्हा कोणी तुम्हाला 'सिक्स स्टार' किंवा 'सेव्हन स्टार' म्हणून काही विकू लागला, तर ती जाहिरात समजावी.

देशागणिक पद्धतही बदलते. फ्रान्समध्ये २००९ पर्यंत पाचवा तारा नव्हताच. तो आल्यावर पुढच्याच वर्षी, २०१० साली, पाच ताऱ्यांतील निवडक हॉटेलांसाठी 'पॅलेस' ही वेगळी पदवी काढावी लागली, कारण पाचव्या ताऱ्यातही गर्दी झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांच्या हॉटेल संघटनांनी २००९ साली एकत्र येऊन समान नियम केले. अमेरिकेत तर केंद्र सरकार तारे देतच नाही. तेथे फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडसारख्या खासगी संस्था तारे देतात आणि 'ए.ए.ए.' ही वाहनचालकांची संघटना हिरे देते. म्हणून पॅरिसचे पाच तारे, दुबईचे पाच तारे आणि दिल्लीचे पाच तारे हे एकाच तराजूत तोललेले नसतात.

मद्यसेवा आणि जेवण

आपल्या अनेक बांधवांचा समज असा की पंचतारांकित म्हटले की बार आलाच. हा समज बरोबर नाही. पर्यटन मंत्रालयाच्या नियमांत तारांकित हॉटेलांसाठी 'मद्यसेवेसह' आणि 'मद्यसेवेविना' असे दोन्ही पर्याय आहेत. बार न ठेवताही पाच तारे मिळू शकतात. ज्यांना अशी जागा हवी असेल त्यांनी बुकिंगच्या वेळी तसे स्पष्ट विचारावे. अशी जागा नसेल तर निदान खोलीतल्या छोट्या फ्रिजमधील बाटल्या आधीच काढून ठेवायला सांगता येते. चांगले हॉटेल हे विनातक्रार करते.

जेवणाबाबतही ताऱ्यांवर जाऊ नये. हलाल मांसाचा आणि ताऱ्यांचा काही संबंध नाही. "हलाल मिळते का?" असे विचारले की "हो" हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी "मटण-चिकन कोठून येते, प्रमाणपत्र आहे का, आणि डुकराचे मांस त्याच स्वयंपाकघरात शिजते का?" असे विचारावे. उत्तर देताना समोरचा चाचरला की काय समजायचे ते समजावे, आणि भाजी-डाळ मागवावी.

कर ताऱ्यावर नाही, भाड्यावर

व्यापाऱ्याने ही बाब नीट वाचावी. हॉटेलच्या खोलीवरील जी.एस.टी. किती तारे आहेत यावर नसून, प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरील भाड्यावर १८ टक्के कर आहे. याचा अर्थ काय होतो ते पाहा. भाडे ७,४०० रुपये असेल तर कर ३७० रुपये, एकूण ७,७७०. भाडे ७,६०० असेल तर कर १,३६८ रुपये, एकूण ८,९६८. भाड्यात फरक दोनशेचा, पण खिशातून जाणारा फरक १,१९८ रुपयांचा. अशा काठावरच्या भाड्यात दोनशे रुपये कमी करून घेण्यासाठी एक फोन करणे निश्चितच परवडते.

जेवणाच्या बिलातही फरक पडतो. ज्या हॉटेलने मागील आर्थिक वर्षात एखादी खोली साडेसात हजारांवर दिली असेल, तेथील उपाहारगृहात साधारणपणे १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो.

दुसरी अडचण परत मिळणाऱ्या कराची. हॉटेलच्या मुक्कामावरील कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा धरला जातो. महाराष्ट्रात नोंदणी असलेला व्यापारी दिल्लीत राहिला, तर बिलावर केंद्राचा आणि दिल्लीचा कर लागतो. त्याचे क्रेडिट त्याला आपल्या महाराष्ट्रातील नोंदणीवर घेता येत नाही. म्हणजे "बिल धंद्याच्या नावाने घेतो, कर परत मिळेल" हा हिशोब परराज्यात चुकतो. तो कर खर्चातच धरावा.

बिलावरची 'सर्व्हिस चार्ज' ही ओळही तपासावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की हॉटेले आणि उपाहारगृहे हा आकार बिलात परस्पर लावू शकत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही भूमिका उचलून धरली. सेवा आवडली तर खुशीने द्यावे, पण ते देणे सक्तीचे नाही.

उमराहचे 'फाइव्ह स्टार पॅकेज'

मक्का आणि मदीना येथे हॉटेलचा दर्जा आणि हरमपासूनचे अंतर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पाच ताऱ्यांचे हॉटेल लांब असू शकते आणि तीन ताऱ्यांचे जवळ. वडील मंडळींना गुडघ्यांचा त्रास असेल तर झुंबरापेक्षा अंतर महत्त्वाचे. मक्का डोंगराळ शहर आहे, म्हणून 'पाचशे मीटर' हे सपाट रस्त्याचे की चढाचे, आणि कोठपर्यंत मोजलेले, हे विचारावे.

पत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम' असे छापलेले असते. सगळी मेख त्या दोन शब्दांत असते. हॉटेलचे नाव, एका खोलीत किती माणसे, न्याहारी धरली आहे की नाही आणि हॉटेल बदलल्यास किती रक्कम परत, हे लेखी घ्यावे. आयुष्यभर पै-पै जोडून निघालेल्या माणसाने एवढे विचारण्यात संकोच कसला?

बुकिंगपूर्वी सात प्रश्न

१) तारे कोणी दिले? सरकारी असतील तर प्रमाणपत्राची मुदत कधीपर्यंत आहे? पर्यटन मंत्रालयाच्या 'निधी' या पोर्टलवर नाव सापडते का?

२) कामाच्या ठिकाणापासून अंतर किती, आणि सकाळी नऊच्या गर्दीत किती वेळ लागतो?

३) खोली किती चौरस फुटांची? नमुने मांडायला टेबल मिळेल का?

४) पाहुण्याला भेटायला बसण्याची जागा मोफत आहे की भाड्याने?

५) करासह एकूण रक्कम किती? न्याहारी, गाडी, इंटरनेट त्यात धरले आहे का?

६) बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात आणि अनामत म्हणून कार्डावर किती रक्कम अडकवून ठेवतात?

७) मद्यसेवा, हलाल जेवण आणि नमाजसाठी स्वच्छ जागा याबद्दल काय व्यवस्था आहे?

ही सात उत्तरे संदेशाने किंवा ई-मेलने लेखी मागवावीत. फोनवर सगळेच गोड बोलतात. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत राहून गेलेल्या लोकांची मते वाचावीत. त्यांतही कौतुकाची नव्हे, तक्रारीची आधी वाचावीत. एकच तक्रार पाच जणांनी केली असेल तर ती खरी धरून चालावे.

पुढच्या वर्षी आम्ही आणि तोच मित्र पुन्हा त्याच प्रदर्शनाला गेलो. या वेळी प्रदर्शनाच्या जवळचे चार ताऱ्यांचे हॉटेल घेतले. प्रमाणपत्राची मुदत विचारली, खोलीचे माप विचारले, आणि एक जादा टेबल मागितले ते त्यांनी मोफत दिले. सकाळी एक नवा खरेदीदार आला, तासभर बसला, चादरीचा पोत हाताने चाचपून पाहिला आणि किनारीचे दोन रंग बदलून मागितले. ऑर्डर फार मोठी नव्हती, पण ती घेऊन आम्ही घरी आलो. दारावर एक तारा कमी आहे, याची त्याने चौकशीही केली नाही.